हेर्लेकर सरांची धूळ

हेर्लेकर सर बसलेले मला फार कमी वेळा आठवतात. कॉफीसुद्धा ते चालत चालत प्यायचे. आमच्या कॅन्टीनमधला अय्यर त्यांना खालच्या वाटीशिवाय नुसता टंबलर द्यायचा, कारण वाटी हमखास कुठल्यातरी खिडकीत राहायची आणि महिन्याने सापडायची. मल्लेश्वरमहून आमच्या संस्थेपर्यंत बस होती, पण बसमध्ये त्यांचा जीव घुसमटायचा. मध्येच उतरून चालू लागायचे, आणि बस त्यांना मागे टाकून निघाली की आत बसलेल्या मला खालून हात करायचे. माझा नुसता संताप व्हायचा. अहो, चढलाय ना एकदा, मग बसा की गप! पण नाही. पायाला भिंगरी म्हणतात ती त्या माणसाच्या पायाला जन्मतःच असावी.

मी बेळगावची, इनामदार. बी.एस्सी. झाले, भाऊ बेंगळुरात नोकरीला होता म्हणून त्याच्याकडे आले, आणि या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून लागले. महाराष्ट्र वेगळं राज्य झालं त्याच्या आसपासची ही गोष्ट. हेर्लेकर सर निपाणीकडचे. मराठी बोलणारे खोलीत आम्ही दोघंच, त्यामुळे ते मला 'बाई' म्हणून हाक मारायचे आणि डोक्यात जे येईल ते माझ्यावर ओतायचे. डोक्यात सतत काहीतरी यायचंच.

आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काचेच्या नळीतली जवळजवळ सगळी हवा पंपाने उपसून काढायची आणि उरलेल्या विरळ वायूतून वीज सोडायची. मग नळी जांभळी-गुलाबी उजळते. दुकानावरच्या निऑनच्या पाटीत असतं तेच. आत अणू फुटलेले असतात, त्यांच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन वेगळे पळतात आणि उरलेले जड आयन वेगळे. या असल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. नळीत बारीकसा कण जरी राहिला तरी आकडे बिघडतात, म्हणून स्वच्छता हा आमचा धर्म होता. नळी आम्लाने धुवा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, भट्टीत वाळवा, हात लावू नका, शिंकू नका. त्या खोलीत मी तीन वर्षं केसांत फूल माळलं नाही, पराग पडतील म्हणून.

आणि अशा जागी या गृहस्थांना धूळ आवडायला लागली.

झालं काय, की त्यांच्या एका नळीत कुठूनतरी धूळ शिरली. नळी उभी होती, आत वर एक चकती आणि खाली एक चकती, वीज त्यांच्यामधून जायची. एक दिवस सरांनी सहज बाजूने दिव्याचा झोत टाकला आणि मला हाक मारली. हाक कसली, किंकाळीच. मी हातातलं टाकून धावले.

"काय दिसतंय, बाई?"

"धूळ," मी म्हटलं. "धुवायला पाहिजे."

"धुवायचं राहू द्या हो! धूळ काय करतेय ते सांगा!"

मी पुन्हा वाकून बघितलं. खालच्या चकतीच्या जरा वर, उजेडात, बारीक बारीक ठिपक्यांचा एक थर होता. खाली पडत नव्हता, वर जात नव्हता. नुसता उभा होता. सरांनी वीज बंद केली, आणि ठिपके पावडर सांडल्यासारखे खाली बसले. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण तोंडाने मी म्हटलं ते एवढंच, "तरी धुवायला पाहिजेच."

त्यानंतर मला त्यांनी तो प्रकार किमान पन्नास वेळा समजावला असेल. "इलेक्ट्रॉन म्हणजे सकाळच्या बसला लटकणारी कॉलेजची पोरं," ते म्हणायचे, खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत. "आणि आयन म्हणजे दोन हातांत दोन पिशव्या घेतलेले पेन्शनर. मध्ये धुळीचा कण आला. त्याच्यावर आधी कोण चढणार? पोरं! म्हणजे कण ऋणभारित. खालची चकतीही ऋण. ती त्याला वर ढकलणार, वजन त्याला खाली ओढणार. दोन्ही जिथे सारखी, तिथे साहेब उभे." मग एकदम माझ्यासमोर थांबून म्हणायचे, "पण खरी गंमत पुढे आहे. एवढे इलेक्ट्रॉन धुळीने गिळले तर प्लाझ्मा पहिल्यासारखा राहील का? नाही राहणार. वायू बदलला! ही धूळ पाहुणी नाही, बाई, घरातलीच झाली. हा एक वेगळाच पदार्थ आहे, आणि याला नावसुद्धा नाही."

नाव नाही, हे त्यांना फार लागायचं. प्रयोगशाळेच्या वहीत असल्या नळीसमोर एकच शेरा पडायचा, 'घाण'. इंग्रजीत लिहायचो, पण अर्थ तोच. सरांनी एकदा कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या, त्यांच्याही आधीच्या लोकांच्या, आणि तीन दिवस उभ्या उभ्या चाळल्या. तिसऱ्या दिवशी एक वही माझ्या टेबलावर आपटली. "वाचा!" मी वाचलं: 'नळीत ठिपके दिसले. घाण. धुतली.' दुसऱ्या वहीत पुन्हा तेच. आणखी एकीतही तेच. "बघा, सगळ्यांना दिसलं होतं!" ते ओरडले. "सगळ्यांनी बघितलं आणि धुऊन टाकलं! घाण म्हटल्यावर कोण थांबून बघणार?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी वह्या उचलून परत कपाटात लावल्या.

मुंबईला तेव्हा शास्त्रातले मराठी शब्द ठरवणारी काही मंडळी काम करत होती. सर त्यांना पोस्टकार्डं पाठवायचे, कुणी मागितलेली नसताना. 'प्लाझ्मा' तसाच ठेवा, त्याला संस्कृताचं धोतर नेसवू नका, अशी त्यांची पहिली मागणी. दुसरी ही, की धूळ मिसळलेल्या प्लाझ्म्याला आत्ताच शब्द करून ठेवा, नंतर पळापळ होईल. उत्तर कधी आलं नाही. मग सर स्वतःच शब्द शोधायला निघाले, आणि संक्रांतीला मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात येऊन उभे राहिले! हातात वही. पंचवीस बायका, आणि मध्ये हा एक उंच, हडकुळा पुरुष. "मला सांगा, धुळीला तुमच्यात काय काय म्हणतात?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बायका खुलल्या हो. एक म्हणाली, पूड. दुसरी म्हणाली, पूड आपण करतो, तिला धूळ कशी म्हणायची? भुकटी, बुकणी, केर, माती, पीठ सांडल्यावर उडतो तो भुरका. कोल्हापूरची एक सून म्हणाली, "बसते ती धूळ, उडतो तो धुरळा." सर जागच्या जागी उडालेच. "वा! आणि जी बसत नाही नि उडतही नाही, तिला?"

कुणी बोलेना. शेवटी आमची शेजारीण गोदाक्का, इथे दोन पिढ्या राहिलेली, जरा रागानेच म्हणाली, "स्वल्प थांबा की हो. आधी तिळगूळ घ्या." सरांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि वही मिटत निघून गेले. चप्पल तिथेच राहिली.

विभागप्रमुखांना आम्ही नुसतं 'डॉक्टर' म्हणायचो. वाईट माणूस नव्हता, उलट सरळ होता, आणि सरळ माणसाशी भांडता येत नाही हीच पंचाईत. सरांची नेमणूक वर्षावर्षाने वाढायची. त्या वर्षी परदेशातून एक मोठं यंत्र यायचं होतं आणि त्याला आमचीच खोली हवी होती. डॉक्टर म्हणाले, "हेर्लेकर, तुमची धूळ उभी राहते असं तुम्ही वर्षभर सांगताय. मी एकदाही पाहिलेली नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी येतो. माझ्या डोळ्यांनी पाहिली तर खोली तुमची आणि कामही तुमचं. नाहीतर दोन्ही बंद."

एवढं साधं होतं ते. दाखवायचं होतं, आणि दाखवण्यासारखं नळीत रोज होतंच. तरी सरांच्या जिवाची घालमेल बघवत नव्हती. दिवसातून दहा वेळा वीज सुरू करायचे, ठिपके उभे राहिलेले बघायचे, बंद करायचे. डॉक्टरांची नजर कमजोर, त्यांना ठिपके नीट दिसणार नाहीत, ही नवी काळजी. "चांगलं भिंग पाहिजे, बाई. मोठं." आणि सोमवारच्या आधीच्या आठवड्यात, खंडेनवमीला, सकाळी सकाळी माझ्या हातावर खोलीची किल्ली टेकवून ते चिकपेटच्या जुन्या बाजारात भिंग शोधायला गेले.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात, आणि ती केवढी मोठी असते हे बेंगळुरात राहिल्याशिवाय कळत नाही. बस, लेथ, टाइपरायटर, सायकल, सगळं धुऊन पुसून त्याला कुंकू, विभूती, झेंडू. आमच्या प्रयोगशाळेतही पंपांना हार घालायचे आणि दारात कोहळा फोडायचे. पूजेचा पुढाकार मुनिस्वामप्पांचा. ते आमचे काच फुंकणारे कारागीर. आयुष्यभर नळ्या फुंकून त्यांचे गाल सैल पडले होते, पण हात असा, की ज्योतीत धरलेली काच त्यांचं ऐकायची. सरांची ती नळी त्यांनीच घडवली होती. दरवर्षी सर खोली बंद ठेवायचे, आणि मुनिस्वामप्पा दारालाच कुंकू लावून पुढे जायचे.

त्या दिवशी ते माझ्याकडे आले. "अक्का, की कोडी, किल्ली द्या. सारांच्या खोलीची."

"कशाला, अण्णा?"

"पूजेला. सोमवारी मोठे साहेब येणार ना सारांचं काम बघायला? यंदा बाहेरून नको."

मी आकडेमोडीच्या यंत्राचा दांडा फिरवत होते, रकाना अर्धा झाला होता. वाटलं, कुंकू लावतील, झेंडू ठेवतील. किल्ली दिली. पंधरा मिनिटांनी सरांच्या खोलीतला पंप थांबला. तो आवाज माझ्या कानाला इतका सवयीचा होता, की थांबला तेव्हाच मला खरं तर कळलं. आणि मी उठले नाही. रकाना पुरा करू, मग बघू, म्हटलं. आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या रकान्याचं उत्तर मला आठवत नाही, पण तो थांबलेला पंप आठवतो.

सर दुपारी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं भिंग, चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद. मी त्यांच्या मागोमाग आत गेले. नळी जागेवर होती. पंप पुन्हा सुरू झाला होता. काच अशी लखलखत होती की आत काही आहे की नाही कळू नये. मुनिस्वामप्पांनी ती उतरवून आम्लाने धुतली होती, पाण्याने धुतली होती, भट्टीत वाळवली होती, पुन्हा चढवून ज्योतीने सांधली होती. एका केसाएवढी गळती नाही. काचेवर कुंकवाचं बोट, भोवती झेंडू. ते कोपऱ्यात हात जोडून उभे होते, सगळं तोंड हसत होतं.

"होसदर थरा आयतु, सार. नव्यासारखी झाली. इतकी घाण होती आत! साहेबांना दाखवायची म्हणजे कशी हवी?"

मी सरांकडे बघितलं. आता हा माणूस काय करेल याची मला धास्ती. साध्या पेन्सिलीवरून घर डोक्यावर घेणारा माणूस. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. मुनिस्वामप्पांनी पुढे केलेल्या ताटलीतले चुरमुरे उचलले, तोंडात टाकले, आणि म्हणाले, "छान झालीय. कष्ट घेतलेत तुम्ही." मुनिस्वामप्पा निघून गेल्यावर सर स्टुलावर बसले. पूर्ण बसले, भिंतीला पाठ टेकून. मला रडू आलं ते ते बघून.

"सर, किल्ली मी दिली."

"हं."

"पंप थांबलेला मला ऐकू आला होता."

त्यांनी टेबलावरची वही ओढली. मग म्हणाले, "किल्ली तुम्ही दिली, धुतली त्यांनी. पण ती धूळ मुळात कसली होती, कुठून आली होती, हे लिहून ठेवायचं काम कुणाचं? माझं. आणि मी काय लिहिलंय बघा." वही माझ्यापुढे सरकवली. पहिल्या दिवसाच्या पानावर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात तोच एक शब्द होता. घाण. "पहिले आठ दिवस मीही तिला तेच म्हणत होतो, बाई. तिघांत मोठा गाढव कोण ते तुम्हीच ठरवा." मग झटकन उठले. "आणि एक. मुनिस्वामप्पांना कळता कामा नये. शपथ घ्या." मी घेतली.

पुढचे दिवस त्यांनी काय काय घातलं नसेल त्या नळीत! खडूची पूड, चुलीतली राख, रांगोळी, टाल्कम, शेवटी पूजेचं कुंकू. दर वेळी नळी उतरवायची, भुकटी टाकायची, चढवायची, तासन् तास हवा उपसायची. पावसाळा सरला होता तरी हवा दमट होतीच, भुकटीचे गोळे व्हायचे. जड कण खालीच बसायचे, बारीक काचेला चिकटायचे. रविवारी दुपारी टाल्कमचे चार ठिपके उठले. मी मोजले, चार. सर श्वास रोखून उभे. "राहा," ते पुटपुटत होते, "राहा रे, उद्यापर्यंत राहा." खालच्या रस्त्याने एक लॉरी गेली, टेबल थरथरलं, आणि ठिपके पडले. परत उठले नाहीत.

सोमवारी डॉक्टर आले. चिकपेटचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी सगळं शांतपणे बघितलं. बाजूने, वरून, दिवा लावून, दिवा विझवून. नळी सुंदर उजळली होती. जांभळा रंग अगदी एकसारखा, कुठे डाग नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"या इमारतीत इतकं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "नळी कुणी तयार केली?"

"मुनिस्वामप्पांनी," सर म्हणाले.

मुनिस्वामप्पा दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी बघितलं आणि मला राहवेना. "सर, पण ती..." मी डॉक्टरांकडे वळून सुरुवात केली.

"बाई, गप्प बसा," हेर्लेकर सर मराठीत म्हणाले, हळू, पण असे की मी तिथेच थांबले. एक वाक्य सांगितलं असतं तर महिनाभराची मुदत मिळाली असती, कुणी सांगावं. डॉक्टर सरळ माणूस होते. पण ते वाक्य दारात उभ्या माणसाच्या अंगावर पडलं असतं. सरांनी ते पडू दिलं नाही. डॉक्टर खरोखर वाईट वाटून म्हणाले, "सॉरी, हेर्लेकर." पंधरा दिवसांत आमच्या खोलीत परदेशी यंत्राची खोकी येऊन पडली.

सरांना गावाबाहेर, के. आर. पुरमच्या बाजूला, रेडिओचे व्हॉल्व्ह करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. तपासणी विभागात. पांढरा कोट, पांढरी टोपी, आणि आत कण दिसेल तो प्रत्येक व्हॉल्व्ह बाद करायचा. मला कुणीतरी हे सांगितलं तेव्हा मी चिडून हसले.

तीनेक वर्षांनी काचेच्या नळ्यांच्या कामासाठी मी आणि मुनिस्वामप्पा त्या कारखान्यात गेलो. सरांना निरोप पाठवला. ते पाच मिनिटांसाठी बाहेर आले, टोपी हातात. केस विरळ झाले होते. आमच्याशी बोलताना ते एका जागी उभे होते, पाय हलत नव्हते, आणि ते मला बघवेना. मी वहिनींची, मुलांची चौकशी करत राहिले, नुसती बडबड.

मुनिस्वामप्पांना मात्र केव्हाचं काहीतरी सांगायचं होतं. "सार, तुमची ती ट्यूब मी टाकू दिली नाही," ते म्हणाले. "कपाटात ठेवलीय. दर आयुधपूजेला स्वतः बाहेर काढतो, आतून बाहेरून धुतो, कुंकू लावतो. आजही आत एक कण दाखवा!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग टोपी काखेत धरली, मुनिस्वामप्पांचा भाजल्याच्या डागांनी भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कानडीत म्हणाले, "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका हं तिला."

"छे छे, सार!"

आत घंटा झाली. सरांनी हात सोडला, टोपी नीट डोक्यावर बसवली, केस आत खोचले, आणि आत गेले.